अल-सुफीचा धूसर तारा

आपल्या घरांत सुरैया हे नाव नवीन नाही. मात्र ते आकाशातल्या ज्या तारकागुच्छाचं आहे, तो गुच्छ फार थोड्यांनी ओळखून पाहिलेला असतो. महाडच्या कारखान्यांचे दिवे मागे टाकून पोलादपूरच्या पुढे गेलं, की हिवाळ्यात तो सहज दिसतो. मराठीत त्यालाच कृत्तिका म्हणतात. त्याच्यामागून येणारी रोहिणी अरबांसाठी ‘अल-दबरान’, म्हणजे मागून येणारा. दोन भाषा, आकाश एकच.

इसवी सन 964 च्या सुमारास इराणमध्ये अब्द अल-रहमान अल-सुफीने स्थिर ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला. टॉलेमीची ग्रीक यादी त्याच्यासमोर होती. ती नुसती उतरवून न घेता त्याने ताऱ्यांची तेजस्विता स्वतः तपासली. दक्षिणेकडच्या एका ‘धूसर ताऱ्या’चीही नोंद त्याने केली. तो आज आयसी 2391 या नावाने ओळखला जाणारा खुला तारकागुच्छ. मार्चच्या सुरुवातीला रात्री दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळं असेल, तर तो आपल्याकडूनही दिसतो.

अशा गुच्छातले तारे एकाच वायूमेघातून, साधारण एकाच वेळी जन्मतात. म्हणून त्यांचं वय काढता येतं आणि त्यांच्या अंगात त्या मेघातलीच मूलद्रव्यं सापडतात. प्रकाशाचा वर्णपट काढला, की त्यातल्या काळ्या रेषांवरून लोह किती, कॅल्शियम किती, हे कळतं. आकाशगंगेचा इतिहास वाचण्याची ही दप्तरंच आहेत.

आपल्या महाराष्ट्रातही हे वर्णपटाचं काम लवकर सुरू झालं. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला या पारशी प्राध्यापकाने भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिथे 20 इंची दुर्बीण होती. 1912 मध्ये वेधशाळा बंद झाली आणि ती दुर्बीण कोडाईकनालला गेली.

आता दप्तर काय सांगतं ते पाहू. सूर्याचं वय सुमारे 460 कोटी वर्षं, अल-सुफीच्या गुच्छाचं जेमतेम पाच कोटी. जुने तारे मरताना वायूत मूलद्रव्यं मिसळत जातात, म्हणजे नव्या गुच्छात लोह बरंच जास्त हवं. पण दोघांत ते जवळपास सारखंच आहे. मात्र आकाशगंगेच्या केंद्रापासून बाहेर जावं, तसं गुच्छांतलं लोह कमी होत जातं. म्हणजे तारा केव्हा जन्मला यापेक्षा कुठे जन्मला, याचा ठसा अधिक खोल आहे.

अल-सुफीला यातलं काही ठाऊक नव्हतं. ‘हे सगळं आमच्याकडे आधीच होतं’ असे संदेश आपण पुढे पाठवतो, तेव्हा त्याच्यावरच अन्याय करतो. त्याने नोंदवलेला आणखी एक पुंजका आज कोटहँगर म्हणून ओळखला जातो. 1990 च्या दशकात हिपार्कस उपग्रहाच्या मोजणीतून कळलं, की त्यातले तारे एका कुटुंबाचे नाहीतच, फक्त एका रेषेत दिसतात. यात त्याची मान खाली जात नाही. जे दिसलं ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून तर हजार वर्षांनी कुणाला ते तपासता आलं.

वारसा मिरवायचा असेल, तर तपासण्याची ही सवय मिरवावी. आणि घरातल्या सुरैयाला एकदा कृत्तिका दाखवावी.