‘मंगूस’ शब्दाचें कूळ

सोनपेठच्या (जि. परभणी) शिवारांतील मुंगुसाचें नांव इंग्रजींत ‘मंगूस’ म्हणून रूढ आहे. अलीकडील इंग्रजी कोशकार त्याचें मूळ बहुधा मराठींत दाखवितात. यूल व बर्नेल यांनीं मात्र १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत तें तेलुगूस दिलें.

हा वाद सोनपेठीं बसून पाहावा. सन १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अंमलांत होता व त्या एकाच राज्यांत मराठी, तेलुगू आणि कानडी नांदत होत्या. संस्कृत ‘नकुल’पासून हिंदींत ‘नेवला’, गुजरातींत ‘नोळियो’ झाला. मराठीनें येथें बहिणींची वाट सोडून शेजारणींची धरिली. तेलुगू ‘मुंगिस’, कानडी ‘मुंगुसि’ हीं रूपें पाहतां शब्द मूळचा द्राविडच ठरतो.

परंतु इंग्रजांनीं तो कोणाच्या तोंडून उचलला, हा प्रश्न निराळा. जॉन फ्रायर या वैद्याच्या १६९८ च्या प्रवासग्रंथांत तो आहे. फ्रायर १६७३ मध्यें मुंबईस येण्यापूर्वीं मछलीपट्टण पाहून आला होता, हें मराठीच्या वकिलानें विसरूं नये. तथापि तेलुगू व कानडी रूपें स्वरान्त उच्चारलीं जातात. ‘-ऊस’ हें शेवट मराठीचेंच. म्हणून इंग्रजीस शब्द देणारी मराठी, व मराठीस देणारी द्राविड शेजारीण, असें आम्हांस वाटतें. जुन्या पोथ्यांत मुंगुसाचें निराळें रूप कोणा संग्राहकास आढळल्यास त्यांनीं तें अवश्य प्रसिद्ध करावें.