गाय रिकामी आहे, हे कधी कळायचं?

खानदेशात गाय पाळायची ती आधी बैलासाठी. सातपुड्याच्या अंगाला ठेलारी लोकांच्या खिल्लार गाईंना गोऱ्हा झाला की आनंद, दूध घरापुरतं. वळू कळपातच चरायचा, माज ओळखायचं काम त्याचं. "गाभण शे का?" हे विचारायची घाई कुणालाच नव्हती.

दुधाचा धंदा आला आणि घाई आली. कृत्रिम रेतन भारतात 1939 साली म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर सुरू झालं. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला बाएफ ही संस्था काढली आणि संकरित गाईंचा प्रसार महाराष्ट्रभर वाढला. पुढे आमच्या साक्री-शिरपूरकडच्या गोठ्यांतूनही वळू गेला, गोठवलेल्या वीर्याचा, उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनचा कॅन आला. माज ओळखणं आता मालकाच्या डोळ्यावर, आणि गाभण सांगणं आम्हा डॉक्टरांच्या हातावर.

हात म्हणजे खांद्यापर्यंत मोजा चढवायचा, शेण काढायचं, गुदाशयाच्या भिंतीतून बदामाएवढा बीजांडकोश बोटांत धरायचा. दोन महिन्यांचा गाभ मुरलेला हात बिनचूक सांगतो. पण बीजांडकोशावरचा फुगवटा फॉलिकलचा, म्हणजे बीज वाढवणाऱ्या पाणीदार पिशवीचा, की बीज सुटल्यावर तिथे बनणाऱ्या पीतपिंडाचा, यावर दोन जुन्या डॉक्टरांचंही जुळत नसे.

वाद मोठ्या शास्त्रज्ञांतही होता. 1960 साली स्वीडनमध्ये राजाकोस्की यांनी कत्तल झालेल्या कालवडींचे बीजांडकोश मोजून सांगितलं, की एका ऋतुचक्रात फॉलिकल दोन लाटांनी वाढतात. अनेकांना पटलं नाही. बरोबरच आहे, मेलेलं जनावर एकाच दिवसाची साक्ष देतं. 1984 मध्ये विस्कॉन्सिनच्या पिअरसन आणि गिंथर यांनी जिवंत गाईचा बीजांडकोश अल्ट्रासाउंडवर दाखवला. मग तेच फॉलिकल रोजच्या रोज पाहता येऊ लागलं. लाटा खऱ्या निघाल्या, कधी दोन, कधी तीन.

गोठ्यात हे अल्ट्रासाउंडचं यंत्र लावायचं तर आधी सावली शोधा. धुळ्याच्या उन्हात पडद्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. मी डोक्यावर गोणपाट घेतो. प्रोब शेवटी हातातूनच आत न्यायचा, म्हणजे जुनी विद्या वाया गेली नाही. फॉलिकल काळं गोल दिसतं, कारण आतल्या पाण्यावरून ध्वनी परतत नाही. पीतपिंड करडं. अठ्ठावीस-तीस दिवसांत गाभाचं ठोके देणारं हृदयही दिसतं.

तरी माझ्या लेखी यंत्राचा खरा उपयोग गाभण गाय दाखवण्यात नाही, रिकामी गाय महिनाभर आधी पकडण्यात आहे. एक माज हुकला की एकवीस दिवसांचा चारा फुकट. एप्रिल-मेच्या उन्हात संकरित गाय मुका माज करते, बाहेरून खूण दाखवत नाही, तेव्हा तर हुकतोच.

पण रेतन कधी झालं हे मालकालाच आठवत नसेल, तर पडदा बघून मी काय सांगू? गोठ्याच्या भिंतीवर खडूने तारीख तेवढी लिहून ठेवा.