कू होण्याआधी

ओटाहुहुला ग्रेट साउथ रोडवर आम्ही शनिवारी भाजीला जातो. कोथिंबीर, अळूची पानं, भेंडी, सगळं फिजी इंडियन दुकानात मिळतं. नवीन आलो तेव्हा मला वाटायचं, ही मंडळीही आपल्यासारखीच नोकरीधंद्यासाठी इथे आलेली. एकदा दुकानातल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "हम लोग कू के बाद आया." काका लौटोकाला शाळेत मास्तर होते. लष्कर सत्ता घेणार हे आधी कळलं नव्हतं का, असं मी विचारल्यावर ते हसले. "सब को मालूम रहा!"

हे उत्तर काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून वाचायला लागलो.

एप्रिल १९८७ च्या निवडणुकीत फिजीत स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सत्ताबदल झाला. ५२ पैकी २८ जागा मिळवून डॉ. टिमोसी बावाद्रा पंतप्रधान झाले. ते स्वतः मूळ फिजीयन, पण मंत्रिमंडळात भारतीय बरेच. लगेच ओरड सुरू झाली की हे सरकार भारतीयांचं आहे, आता जमिनी जाणार. वास्तविक ८० टक्क्यांहून जास्त जमीन मूळ फिजीयनांची होती आणि त्या कायद्याला हात लावायचा तर सिनेटमधल्या सरदारांच्या प्रतिनिधींची संमती लागायची. पण ते ऐकतो कोण? तावुआला रस्ते अडवले गेले, सुवात मोर्चे निघाले, लौटोकात पेट्रोल बॉम्ब पडले. सरकारचं धोरण चुकलं असं कोणी म्हणत नव्हतं (महिन्याभरात ते चुकणार तरी किती?). हे सरकार मुळात असताच कामा नये, असं म्हणणं होतं. माझ्या मते खरी खूण हीच. लष्करात बहुतेक सगळे मूळ फिजीयन, आणि लष्करप्रमुख परदेशी गेलेले. १४ मे रोजी सकाळी लेफ्टनंट कर्नल सितिवेनी राबुका यांचे बुरखाधारी सैनिक संसदेत शिरले. १८७९ साली पहिले गिरमिटिये फिजीला पोचले तो दिवसही १४ मेच!

२००० साली तेच. महेंद्र चौधरी हे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान. त्यांच्या सरकारला वर्ष झालं त्या १९ मेला बाहेर मोर्चा आणि आत जॉर्ज स्पाइटचे बंदूकवाले. ओलीस सुटायला ५६ दिवस लागले.

२००६ ची गोष्ट तर मला सगळ्यात चमत्कारिक वाटते. लष्करप्रमुख फ्रँक बैनीमारामा महिनोन् महिने उघडपणे सरकारला दम देत होते. २००० च्या बंडखोरांना माफी देण्याचं विधेयक मागे घ्या, नाहीतर पायउतार व्हा. नोव्हेंबरअखेर इथे वेलिंग्टनला विनस्टन पीटर्स यांनी त्यांची आणि पंतप्रधान गारासे यांची बैठक घडवली. निर्वाणीची मुदत लष्कर विरुद्ध पोलीस रग्बी सामन्यासाठी लांबली! लोकांनी सामना पाहिला. ५ डिसेंबरला सत्ता गेली.

आपल्याला यात गंमत वाटते, कारण सेनापती सरकारला उघडपणे दम देतोय हे दृश्य आपण भारतात पाहिलेलंच नाही. आपली १९७५ ची आणीबाणी राष्ट्रपतींच्या सहीने, घटनेतल्या कलमाने आली. मी काकांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, धमकी रोज ऐकली की ती हवामानाच्या बातमीसारखी वाटायला लागते. १९८७ च्या मे महिन्यातही ते पेपर तपासत बसले होते.

१९८६ च्या जनगणनेत फिजीत भारतीय जवळजवळ निम्मे होते, २००७ मध्ये ३७ टक्के. बाकीचे कुठे गेले ते ओटाहुहुच्या बसस्टॉपवर उभं राहिलं की दिसतं.

डिसेंबर २०२२ च्या निवडणुकीनंतर पोलिसांच्या मदतीला पुन्हा लष्कर बोलावल्याची बातमी आली. त्या दिवशी काका गल्ला सोडून लौटोकाला बहिणीशी फोनवर होते. सैनिक किती, हे त्यांनी विचारलंच नाही. बैनीमारामांनी हार मानली का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. २४ तारखेला संसदेत २८ विरुद्ध २७ मतांनी नवे पंतप्रधान निवडले गेले आणि बैनीमारामा विरोधी बाकावर गेले. नवे पंतप्रधान होते सितिवेनी राबुका. पुढच्या मे महिन्यात त्यांनी १९८७ बद्दल जाहीर माफी मागितली. काकांना विचारलं तर म्हणाले, "सुना," आणि माझी भेंडी वजनाला घातली.