पेटीचा गंधार आणि सांगलीचे देवल

आज सुरुवातीलाच एक प्रयोग. दोन मोबाइल घ्या, दोन्हींवर टोन जनरेटर अ‍ॅप लावा. एकावर 300 हर्ट्झ, दुसऱ्यावर 302. दोन वेगळे सूर ऐकू येणार नाहीत. एकच येईल, पण सेकंदाला दोनदा मोठा-लहान होणारा. वाँव, वाँव... हेच बीट्स. दोन लहरी कधी एकमेकींना जोर देतात, कधी खोडून काढतात. कंपनसंख्येत जेवढा फरक, सेकंदाला तेवढे बीट्स. सूर तंतोतंत जुळले की बीट्स बंद. तंबोऱ्याची जोड मिळवणारा कान हेच ऐकत असतो.

मी मूलचा. आमच्याकडे पेटीशिवाय भजन नाही अन् ऑर्गनशिवाय झाडीपट्टीचं नाटक नाही. पण ह्याच पेटीला रेडिओवर 1940 ला बंदी घातली गेली, ती 1971 पर्यंत राहिली! आक्षेप दोन होते : पेटीतून मींड निघत नाही, आणि तिचे सूर आपल्या गाण्याशी जुळत नाहीत.

दुसरा आक्षेप मोजता येतो. तो मोजायला आधीच बसले होते सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. अब्दुल करीम खाँसाहेबांचे सूर त्यांनी सोनोमीटरच्या तारेवर ताडून पाहिले आणि 1910 मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं.

आपणही हिशोब करू. सा 240 धरला तर गायकाचा शुद्ध गंधार 300. पेटीचा मात्र 302.4, कारण तिथं सप्तकाचे बारा सारखे भाग केलेत. म्हणजे पाच सेकंदांत बारा बीट्स. पंचमात फरक जेमतेम 0.4 चा, म्हणून तो खुपत नाही.

मग पेटी चुकीची का? इंजिनिअर म्हणून मला तसं वाटत नाही. सारख्या भागांमुळे कुठलीही पट्टी सा धरता येते. गायक बदलला तरी पेटी तीच. गावातल्या मंडळाला दुसरी पेटी परवडणार कुठून?

देवलांनी बंदी मागितली नाही. क्लेमंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यासोबत त्यांनी श्रुतींची पेटीच बनवून घेतली. 1916 च्या बडोद्याच्या परिषदेत तिच्यावर वाद झाला आणि पुढं ती फारशी चालली नाही. तरी मला त्यांचीच रीत पटते : खटकलं, तर आधी मोजा.

पुढच्या भजनात बुवा गंधारावर थांबले अन् पेटीही थांबली, की कान द्या. बीट्स मोजा, आणि आम्हाला नक्की कळवा.