एअर इंडिया–इंडियन एअरलाइन्स वेतनसमानता वाद

एकाच मालकीच्या आंतरराष्ट्रीय व देशांतर्गत विमानसेवांतील कर्मचाऱ्यांच्या वेतन-बढतीतील तफावतीवरून उद्‌भवलेला वाद. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर परदेशी मार्ग एअर इंडियाकडे आणि देशांतर्गत मार्ग इंडियन एअरलाइन्सकडे आले. 

२००७ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, वेतनकरार मात्र वेगळेच राहिले. वैमानिकाच्या कमाईचा मोठा हिस्सा उड्डाणतासांवरील भत्त्याचा असतो. फेऱ्या घटल्या की हातात पडणारी रक्कमही घटते. फेऱ्या किती, हे ठरवते व्यवस्थापन; झळ बसते वैमानिकाला. म्हणून निश्चित वेतन आणि एअर इंडियाच्या वैमानिकांशी बरोबरी, या मागण्यांसाठी पूर्वाश्रमीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक एप्रिल २०११ मध्ये संपावर गेले. संप दहा दिवस चालला. दोन्हींकडील वेतन-बढतीत समानता आणण्यासाठी नेमलेल्या न्या. धर्माधिकारी समितीने जानेवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. त्याच वर्षी बोइंग ७८७ च्या प्रशिक्षणात इतरांना वाटा देण्यास विरोध करत एअर इंडियाच्या मूळ वैमानिकांनी ५८ दिवसांचा संप केला. विमानाच्या प्रकारानुसार वेतनात फरक समजण्याजोगा आहे. मूळ कंपनीवरून भेद करणे अन्याय्यच होते.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली; प्रादेशिक सेवा देणारी अलायन्स एअर सरकारकडेच राहिली.

राज्य कर्मचाऱ्यांप्रमाणे वेतन मिळावे म्हणून एसटी कर्मचाऱ्यांनी २०२१-२२ मध्ये केलेला विलीनीकरणाचा संप याच जातकुळीचा.