नवजात अर्भकाची चिघळलेली जखम आणि मधाची पट्टी

जन्मतः गुदद्वार नसणे, आतड्यात अडथळा असणे अशा व्यंगांवर पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया करावी लागते. चाकूरसारख्या तालुक्याच्या गावातील बालकाला त्यासाठी मोठ्या शहरात न्यावे लागते. जखमेतील जंतुसंसर्ग मात्र शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांपर्यंत, म्हणजे अनेकदा बालक घरी परतल्यावर उघड होतो. टाक्यांभोवती लाली, सूज व पू दिसतो. ताप येईलच असे नाही. उलट अंग थंड पडणे, अंगावर न पिणे, मलूल होणे ही अधिक गंभीर लक्षणे होत. जंतू रक्तात पसरल्यास जिवावर बेतते.

रुग्णालयात पुवाचा नमुना तपासणीस पाठवून टाका मोकळा करतात, जखम सलाइनने धुतात व शिरेतून प्रतिजैविके देतात. अर्भकाची त्वचा अतिशय पातळ असते. मोठ्यांना चालणारे आयोडीनयुक्त औषध तिच्यातून शोषले जाऊन थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावू शकते.

इतके करूनही जखम न भरल्यास काय, या प्रश्नाचे एक उत्तर इस्रायलमधील डॉक्टरांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. किमान १४ दिवसांच्या नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या ९ अर्भकांच्या उघड्या जखमांवर त्यांनी दिवसातून दोनदा ५ ते १० मिलिलिटर मध लावला. पाच दिवसांत सुधारणा दिसली. २१ दिवसांत जखमा स्वच्छ होऊन मिटल्या. त्याआधी १९९१ मध्ये सोलापुरातील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना केली होती. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के, तर दुसऱ्या गटातील अवघ्या ७ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या.

मधातील दाट साखर जखमेतील पाणी ओढून घेते, आम्लता जंतूंची वाढ रोखते आणि विकरामुळे थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. तथापि, ९ अर्भके हा फार लहान आकडा आहे. तेथे तुलनेसाठी दुसरा गटही नव्हता. मध हा प्रतिजैविकांचा पर्याय नव्हे, जोड आहे.

इस्रायलमध्ये प्रक्रिया न केलेला ताजा मध वापरला गेला होता, पण त्याचे अनुकरण घरी करणे धोक्याचे. मधात बोटुलिझम या पक्षाघाती रोगाच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि घरी उकळून ते मरत नाहीत. जखमेसाठीचा वैद्यकीय मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो. याच कारणास्तव एक वर्षाखालील बालकाला मध चाटवणेही वर्ज्य आहे. आपल्याकडे ती प्रथा अद्याप गेलेली नाही.

जखम ओली दिसताच हळद, तेल वा पावडर न लावता, स्वच्छ कोरडे कापड ठेवून बालकाला ऊब देत रुग्णालयात न्यावे; डिस्चार्ज कार्ड सोबत असावे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून आजारी नवजाताचे उपचार व वाहतूक शासकीय रुग्णालयांत मोफत आहेत.