रिकचा जर्मन आवाज

'कासाब्लांका'मध्ये नाझी नाहीत असं कुणी म्हणालं, तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. पण १९५२ साली पश्चिम जर्मनीत जो 'कासाब्लांका' लागला, त्यात ते खरंच नव्हते. मेजर स्ट्रासर कापलेला. कॅफेतले जर्मन अधिकारी गायला लागतात आणि बाकीचे फ्रेंच राष्ट्रगीताने त्यांना गप्प करतात, तो प्रसंगही गायब. एकूण सुमारे २५ मिनिटांना कात्री. छळछावणीतून निसटलेला व्हिक्टर लाझ्लो झाला व्हिक्टर लार्सन, नॉर्वेचा अणुशास्त्रज्ञ! त्याने म्हणे कसले तरी डेल्टा किरण शोधले होते. आणि ही काटछाट केली कुणी, तर खुद्द वॉर्नर ब्रदर्सने. गल्ला महत्त्वाचा.

एवढी ठिगळं लावायची तर संवाद नव्याने लिहून ओठांच्या हालचालींवर बसवावे लागतात. हम्फ्री बोगार्टच्या ओठांवर ते बसवले पाउल क्लिंगरने.

हा माणूस मला सोडत नाही, तो त्याआधीच्या दोन कामांमुळे. १९४२ साली तो 'डी गोल्डन श्टाट' या रंगीत सिनेमात होता. दिग्दर्शक फाइट हार्लान, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी ज्यूद्वेषाने भरलेला 'यूड झ्यूस' काढणारा. आणि १९४७ साली तोच क्लिंगर 'एहे इम शाटेन'चा नायक होता. त्यात एका नटाची बायको ज्यू असते. सरकार दोघांना वेगळं करू बघतं, शेवटी दोघं एकत्र विष घेतात. गोष्ट खऱ्या घटनेवरून घेतली होती: नट योआखिम गॉटशाल्क, त्याची बायको मेटा आणि लहान मुलगा १९४१मध्ये असेच गेले. दिग्दर्शक कुर्ट मेट्झिगच्या ज्यू आईनेही १९४४मध्ये आत्महत्या केली होती. सिनेमा बर्लिनच्या चारही विभागांत एकाच दिवशी लागला आणि लाखो लोकांनी पाहिला.

म्हणजे गॉटशाल्कची गोष्ट पडद्यावर जगलेल्या नटाच्या तोंडी पाच वर्षांनी डेल्टा किरणवाला 'कासाब्लांका' आला. त्याला काय वाटलं असेल? डबिंग हा तेव्हा नटांचा पोटापाण्याचा धंदा होता, एवढं मात्र त्याच्या बाजूने म्हणता येईल. प्रेक्षकांना तेव्हा घोडे आणि हिरवी कुरणं हवी होती. 'इमेनहोफ'च्या तीन सिनेमांत (१९५५ ते ५७) क्लिंगरने तेही दिलं, आणि बहुतेक जर्मनांना तो त्यासाठीच आठवतो.

पडद्यामागे तो एका वेगळ्याच गोष्टीसाठी भांडत होता. आज काम, उद्या नाही, अशा नटांना म्हातारपणी पेन्शन कोण देणार? १९७१मध्ये तो गेला, तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं. १९७४मध्ये त्याच्या नावाने कलाकारांसाठी एक संस्था उभी राहिली. कलाकारांच्या सामाजिक विम्याचा कायदा १९८१मध्ये झाला आणि १९८३पासून लागू झाला.

मधे, १९७५ साली, जर्मन टीव्हीने 'कासाब्लांका' पुन्हा डब करून अखंड दाखवला. स्ट्रासर परतला, लाझ्लोला त्याचं नाव मिळालं. रिक आता योआखिम केमरच्या आवाजात बोलत होता.